आधी आपल्या बाजूची पोस्ट तपासा: समाजमाध्यमांच्या काळातील चिकित्सक विचार

२१ मे २०१६ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव आमनेसामने उभे राहिले. टेक्सास राज्याचे इस्लामीकरण होत आहे असे मानणारे एका बाजूला होते आणि त्यांचा निषेध करणारे दुसऱ्या बाजूला. माणसे खरी होती, त्यांच्या घोषणा खऱ्या होत्या आणि संतापही खरा होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने मात्र उघड केले, की दोन्ही बाजूंच्या कार्यक्रमांची हाक देणारी फेसबुक पाने रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील इंटरनेट रिसर्च एजन्सी ही एकच संस्था चालवत होती. त्या जाहिरातींवर झालेला खर्च सुमारे २०० डॉलर होता.

या लोकांना रस्त्यावर आणण्यासाठी फार मोठे असत्य रचावे लागले नव्हते. त्यांना जे आधीपासून वाटत होते, तेच त्यांच्यापुढे ठेवले गेले आणि समोरचा गट धोकादायक आहे एवढे त्यांच्या मनावर बिंबवले गेले. म्हणूनच ‘खोट्या बातम्या ओळखायला शिका’ हा उपदेश अपुरा पडतो. शाळा-महाविद्यालयांत चिकित्सक विचार शिकवावा, अशी मागणी आता बहुतेक सगळीकडे होते आणि ती योग्यच आहे. परंतु तो चुकीच्या पद्धतीने शिकवला तर माणूस अधिक सावध होण्याऐवजी अधिक हट्टी किंवा अधिक निराश होऊ शकतो. म्हणून या शिक्षणात काय असावे हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

चिकित्सक विचार म्हणजे काय

एखादे विधान स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी ते कोणी केले आहे, कशाच्या आधारावर केले आहे आणि तो आधार त्या विधानाला पुरेसा आहे का, हे तपासण्याच्या सवयीला चिकित्सक विचार म्हणतात. या व्याख्येतील ‘सवय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तर्कशास्त्राचे नियम पाठ असलेला माणूससुद्धा रात्री फोनवर बोट फिरवताना ते नियम वापरतोच असे नाही. तसेच या व्याख्येत स्वीकारणे आणि नाकारणे या दोन्हींसाठी एकच कसोटी लावलेली आहे. विरोधकाच्या विधानावर तुटून पडणे आणि आपल्या माणसाच्या विधानावर डोळे मिटून मान डोलावणे, यांतील पहिली कृती कितीही अभ्यासपूर्ण असली तरी ती चिकित्सा ठरत नाही.

समाजमाध्यमे कोणता मजकूर पुढे आणतात

समाजमाध्यमावर आपल्याला काय दिसावे हे अल्गोरिदम ठरवतो. अल्गोरिदम म्हणजे संगणकाने पाळायचे नियम. लोक कशावर थांबतात, कशाला प्रतिसाद देतात आणि काय पुढे पाठवतात याचा हिशेब ठेवून हे नियम त्याच प्रकारचा मजकूर अधिक दाखवतात. खरे काय आणि खोटे काय याची निवड करण्यासाठी ते मुळात बनवलेलेच नाहीत. फेसबुकने २०१७ मध्ये संताप, हसू, दुःख अशा भावना दाखवणाऱ्या चिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले होते. संतापाच्या चिन्हामुळे दिशाभूल करणारा आणि विखारी मजकूर वर येतो हे कंपनीच्या संशोधकांनाच आढळल्यावर ते वजन टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले आणि २०२० मध्ये शून्यावर आणले गेले.

मजकूर लिहिणारेही या नियमांना सरावतात. अमेरिकेतील प्रसारमाध्यमे आणि लोकप्रतिनिधी यांच्या फेसबुक व ट्विटरवरील लाखो पोस्टचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विरोधी गटाचा उल्लेख करणारा प्रत्येक जादा शब्द पोस्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता सरासरी ६७ टक्क्यांनी वाढवतो, असे त्यात दिसले. आपल्या गटाच्या कौतुकाला एवढी गती मिळत नव्हती. एखाद्या नेत्याच्या किंवा पत्रकाराच्या लिखाणात विरोधकांचा उल्लेख दिवसेंदिवस का वाढत जातो, याचे निदान एक कारण या आकड्यात सापडते.

या साऱ्याचा दोष केवळ बनावट खात्यांना देणे सोयीचे आहे, पण पुरावा तसे सांगत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या साखळ्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. स्वयंचलित खाती गणनेतून वगळली तरी हा फरक कायम राहिला, म्हणजेच तो माणसांनी घडवलेला होता. कोणीतरी बाहेरून काडी टाकतो हे खरे असले, तरी वणवा पसरवणारे हात बहुधा आपलेच असतात.

हुशार माणसेही का फसतात

मानसशास्त्रात १९७७ पासून माहीत असलेली एक गोष्ट अशी, की एखादे विधान पुन्हापुन्हा कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते. ओळखीचे वाक्य मेंदूला सहज उमगते आणि त्या सहजतेलाच आपण सत्यतेची खूण समजतो. योग्य उत्तर आधीपासून ठाऊक असलेल्या माणसांवरही हा परिणाम होतो. म्हणून एकच मजकूर पाच गटांतून आला, तर तो पाच जणांनी तपासलेला असतो असे मुळीच नाही. बहुतेक वेळा तो पाच ठिकाणी चिकटवलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. येल विद्यापीठातील डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना सांगितले, की हा तक्ता त्वचेवर लावायच्या एका मलमाच्या चाचणीचा आहे. काहींना तेच आकडे बंदुकांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्याच्या परिणामांविषयीचे म्हणून दिले. मलमाच्या प्रश्नात गणित चांगले असलेल्यांनी अपेक्षेप्रमाणे अधिक अचूक उत्तरे दिली. बंदुकांच्या प्रश्नात मात्र आकड्यांचा निष्कर्ष आपल्या राजकीय मताला अनुकूल असेल तेव्हाच त्यांचे गणित नीट चालले. प्रतिकूल असेल तेव्हा तीच माणसे चुकली. आपल्याला हवा तो निष्कर्ष गाठण्यासाठी बुद्धी वापरण्याच्या या प्रवृत्तीला प्रेरित तर्क असे म्हणतात. गणित चांगले असलेल्यांतच हा पक्षपात अधिक तीव्र असतो, हा निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत तितक्या ठामपणे दिसला नाही. परंतु हुशारी या पक्षपातापासून आपोआप संरक्षण देत नाही, एवढे मानायला पुरेसा आधार आहे.

शिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. युक्तिवादातील दोष शोधण्याचे कौशल्य तुम्ही मुलांच्या हाती दिलेत आणि ते कोणावर वापरायचे हे त्यांच्या आवडीनिवडीवर सोडलेत, तर ती ते विरोधकांवरच वापरतील आणि आपण विवेकी आहोत या समाधानात आपल्या गटाला अधिकच घट्ट चिकटतील. चिकित्सेचे पहिले लक्ष्य आपल्याला आवडलेला मजकूर हेच असायला हवे, ही या संपूर्ण शिक्षणाची गुरुकिल्ली आहे असे मला वाटते. ‘हे वाचून मला बरे का वाटले?’ आणि ‘हेच विधान विरुद्ध बाजूच्या माणसाने केले असते, तर मी कोणता पुरावा मागितला असता?’ हे दोन प्रश्न मुलांच्या अंगवळणी पडले, तर तर्कदोषांची लांबलचक यादी पाठ करून घेण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

मग प्रत्यक्षात काय शिकवायचे

शाळेत आपल्याला मजकूर लक्षपूर्वक, शेवटपर्यंत वाचायला शिकवतात. कवितेसाठी किंवा इतिहासाच्या कागदपत्रांसाठी ते योग्यच आहे. अनोळखी संकेतस्थळासमोर मात्र तीच सवय घात करते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि त्याच विद्यापीठातील २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे होती. एक संघटना हजारो डॉक्टरांची जुनी आणि मान्यताप्राप्त, तर दुसरी विशिष्ट सामाजिक भूमिका घेऊन फुटून निघालेला छोटा गट. नावे जवळजवळ सारखी आणि मांडणी दोन्हींची नीटनेटकी होती. विद्यार्थी आणि कित्येक इतिहासकार ती पाने वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. बोधचिन्ह, संदर्भांची यादी, भाषेचा गंभीर सूर यांवरून अंदाज बांधत राहिले आणि त्यांतले बरेच जण फसले. तथ्य-तपासनिसांनी काही सेकंदांतच ते पान सोडले, शेजारी नवे पान उघडले आणि या संघटनेविषयी इतर लोक काय सांगतात ते पाहिले.

या पद्धतीला आडवे वाचन म्हणता येईल. मजकुरात खोल उतरण्याआधी त्याच्या बाहेर पडून तो कोणाचा आहे हे पाहायचे, एवढेच त्याचे सूत्र आहे. यामागचे कारण साधे आहे. फसवू पाहणाऱ्या माणसाच्या हाती त्याच्या पानावरील प्रत्येक गोष्ट असते, मात्र इतरांनी त्याच्याविषयी काय लिहावे हे त्याच्या हाती नसते. आडवे वाचन शिकवण्यासाठी वर्षभराचा अभ्यासक्रमही लागत नाही. अमेरिकेतील एका जिल्ह्यातील शाळांत प्रत्येकी ५० मिनिटांचे सहा तास घेतल्यावर विद्यार्थ्यांच्या पारखण्यात मोजता येण्याजोगी सुधारणा झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

शिकवण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे फसवणुकीची तंत्रे आधीच दाखवून देणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असे मांडले, की ज्या समजुतींवर कधीच कोणी हल्ला केलेला नसतो, त्या पहिल्याच हल्ल्यात कोसळतात. प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत, यासारख्या सर्वमान्य समजुतींवर त्यांनी प्रयोग केले. या समजुतीविरुद्धचे दुबळे युक्तिवाद आणि त्यांची उत्तरे लोकांना आधी दाखवली, तर नंतरचा जोरदार युक्तिवाद त्यांना सहज डळमळवू शकत नसे. रोगाचे निष्प्रभ केलेले जंतू टोचल्यावर शरीर खऱ्या रोगाशी लढायला तयार होते, तसाच हा प्रकार असल्याने मॅकग्वायर यांनी त्याला मानसिक लसीकरणाचेच रूप मानले.

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी याच कल्पनेवर पुढे काम केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाच तंत्रांवर छोट्या चित्रफिती केल्या होत्या: भावना भडकवणारी भाषा, एकमेकांना छेद देणारी विधाने एकाच दमात करणे, दोनच पर्याय आहेत असे भासवणे, एखाद्या समूहाला बळीचा बकरा बनवणे आणि मुद्दा सोडून माणसावर चिखलफेक करणे. त्यांपैकी दोन यूट्यूबवर जाहिरातींच्या जागी दाखवल्यानंतर त्यांतील तंत्रे ओळखण्याचे प्रमाण सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास वाढले. हा आकडा लहान आहे आणि तो लहानच म्हणून सांगायला हवा. शिवाय या लसीचा परिणाम काळाबरोबर ओसरतो, त्यामुळे उजळणी लागते. तरीही दीड मिनिटाच्या चित्रफितीतून मिळालेली ही वाढ मला दखल घेण्याजोगी वाटते. तंत्र शिकवण्याचा आणखी एक फायदा असा, की उद्या विषय बदलला तरी तंत्र तेच असते. ‘तुम्ही आमच्यासोबत नाही, म्हणजे शत्रूसोबत आहात’ हे वाक्य कोणत्याही देशात, कोणत्याही पक्षाच्या तोंडी आले तरी त्याचा सांगाडा एकच राहतो.

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगता येते. अनेक जण खोटा मजकूर पुढे पाठवतात तेव्हा त्यांना तो खराच वाटलेला असतो असे नाही. खरे की खोटे हा प्रश्न त्या क्षणी त्यांच्या मनात आलेलाच नसतो. गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले, की राजकारणाशी संबंध नसलेल्या एखाद्या मथळ्याची अचूकता आधी पारखायला लावली, तरी लोक त्यानंतर जे पुढे पाठवतात त्याची गुणवत्ता सुधारते. पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबण्याचा सल्ला बाळबोध वाटतो, पण त्यामागे हा आधार आहे.

आक्षेप: सगळ्यावर शंका घेऊन माणूस कशावरच विश्वास ठेवणार नाही

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘स्वतः शोधा, कोणाचे ऐकू नका’ ही घोषणा विज्ञानाच्या वर्गात जितकी शोभते, तितकीच ती कटकारस्थानांच्या कथा पसरवणाऱ्यांनाही आवडते. लसींना विरोध करणारे किंवा पृथ्वी सपाट आहे असे मानणारे लोक स्वतःला चिकित्सकच समजतात. सर्वच स्रोत सारखेच अविश्वसनीय आहेत, असे एकदा मनाने घेतले की आपल्या गटातून आलेले तेवढे खरे मानण्याचा मार्ग मोकळा होतो. अपप्रचार करणाऱ्यांचा हेतू पुष्कळदा हाच असतो; त्यांच्या एका विशिष्ट कथेवर तुम्ही विश्वास ठेवला नाही, तरी कशावरच ठेवू नये एवढे त्यांना पुरते.

म्हणून विश्वास कुठे ठेवावा, हे शिकवणे हा या शिक्षणाचा अर्धा भाग आहे. चूक झाल्यावर ती जाहीरपणे दुरुस्त करणारे वृत्तपत्र आणि तसे कधीच न करणारे निनावी खाते यांत फरक आहे. इतर संशोधकांनी तपासलेला अभ्यास आणि एका माणसाचा दावा यांतही फरक आहे. तज्ज्ञ चुकतात हे मान्य करूनसुद्धा त्यांची चूक पकडणारी व्यवस्था अस्तित्वात आहे की नाही, हे पाहायला विद्यार्थ्यांना शिकवता येते. चाचणी घेतानाही हेच पथ्य पाळावे लागेल. समोरच्या दहा बातम्या खोट्या ठरवणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळता कामा नयेत. त्यांतल्या खऱ्या बातम्या खऱ्या म्हणून ओळखता आल्या का, हेही मोजायला हवे.

आक्षेप: दुसऱ्या बाजूचेही वाचले की दुही मिटेल

ही सूचना सद्हेतूने केली जाते, परंतु नुसत्या वाचनाचा परिणाम उलटही होऊ शकतो. अमेरिकेत ख्रिस्तोफर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्विटर वापरणाऱ्यांना महिनाभर विरुद्ध विचारांच्या लोकप्रतिनिधींचे आणि मतप्रवर्तकांचे संदेश दाखवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रिपब्लिकन पक्षाचे समर्थक त्यानंतर आपल्या भूमिकेत आणखी कडवे झाले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांत झालेला बदल इतका लहान होता, की त्यावरून निष्कर्ष काढता आला नाही.

समाजमाध्यमावर दिसणारी ‘दुसरी बाजू’ बहुधा त्या बाजूची सर्वांत कर्कश माणसे असतात. २०१९ मध्ये ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेतील दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विरोधकांपैकी सुमारे ५५ टक्के लोक टोकाच्या मतांचे वाटत होते. प्रत्यक्षात ते प्रमाण ३० टक्क्यांच्या जवळ होते. त्यामुळे वर्गात विरुद्ध बाजूचे भडक संदेश वाचून दाखवण्यापेक्षा दुसरा एक सराव अधिक फलदायी ठरेल: विरोधी मत इतक्या प्रामाणिकपणे मांडायचे, की ते मत खरोखर असलेल्या माणसाने ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे कबूल करावे. मतभेद संपवणे हा या सरावाचा उद्देश नाही. लोकशाहीत मतभेद असायलाच हवेत; ते कल्पनेतल्या विरोधकाऐवजी खऱ्या विरोधकाशी असावेत, एवढाच आग्रह आहे.

आक्षेप: एखाद्या कार्यशाळेने काय साधणार

फार थोडे साधते, हे मान्य केले पाहिजे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये १,२२४ लोकांवर एक प्रयोग केला. त्यांत काहींच्या घरी जाऊन तासाभराचे प्रशिक्षण देण्यात आले. सरासरी पाहता, खोटी माहिती ओळखण्याच्या क्षमतेत त्यामुळे लक्षणीय फरक पडला नाही. उलट एका पक्षाच्या समर्थकांना आपल्या पक्षाला अनुकूल असलेला खोटा मजकूर ओळखणे प्रशिक्षणानंतर अधिकच जड गेले. प्रेरित तर्क प्रयोगशाळेबाहेरही किती बळकट असतो, याचे हे उदाहरण आहे.

त्याच राज्यात पुढे बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १३,५०० शालेय विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या पद्धतीचा कार्यक्रम राबवला. एका तासाऐवजी काही आठवड्यांत विभागलेली सत्रे घेतली गेली, ती गावातल्या ग्रंथालयांत मित्रमैत्रिणींसोबत झाली, आणि भर राजकारणाऐवजी मुख्यतः आरोग्यविषयक गैरसमजांवर होता. या मुलांची पारख सुधारली, चार महिन्यांनंतरही ती टिकून राहिली, राजकीय मजकुराच्या बाबतीतही तिचा उपयोग झालेला दिसला आणि त्यांच्या पालकांपर्यंतही थोडा परिणाम पोचला.

या दोन प्रयोगांतील फरक मला अत्यंत बोलका वाटतो. दीर्घ सराव, समवयस्कांची सोबत आणि ज्यात कोणाचा स्वाभिमान गुंतलेला नाही अशा विषयापासून सुरुवात, या तिन्ही गोष्टी बदलल्यावर निकाल बदलला. त्यांतील कोणत्या गोष्टीचा वाटा किती, हे मात्र यावरून वेगळे काढता येत नाही. फिनलंडमध्ये २०१६ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हे शिक्षण स्वतंत्र विषय म्हणून न ठेवता सर्व विषयांत मिसळलेले आहे. आकडेवारी कशी वाकवता येते हे गणिताच्या तासाला, जुना अपप्रचार कसा चालला हे इतिहासाच्या तासाला आणि शब्द भावना कशा चेतवतात हे भाषेच्या तासाला, अशी ही रचना आहे.

आक्षेप: हा भार नागरिकांवर का? कंपन्यांनी आपली यंत्रे सुधारावीत

कंपन्यांनी ती सुधारलीच पाहिजेत, आणि त्यासाठी कायदेही हवेत. शिक्षणाच्या नावाखाली त्यांना जबाबदारीतून सोडवणे अन्यायाचे होईल. परंतु कायदे होईपर्यंत मुलांच्या हातातला फोन थांबून राहणार नाही. शिवाय अल्गोरिदम कसा चालतो हे कळलेला नागरिकच अशा कायद्याची नेमकी मागणी करू शकतो.

आक्षेप: शिक्षकच एका बाजूचा असेल तर

शिक्षकालाही मते असतात, आणि ती नसल्याचा आव आणून काही साधत नाही. पालकांची धास्ती अशी असते, की चिकित्सेच्या नावाखाली मुलांना एका राजकीय विचाराकडे वळवले जाईल. ही धास्ती निराधार नाही. एका वर्षातील सर्व फसव्या उदाहरणांचा उगम जर एकाच पक्षात सापडला, तर मुले तंत्र शिकण्याऐवजी पक्ष ओळखायला शिकतील. त्यावर करता येण्याजोगे उपाय ठोस आहेत. वर्गात वापरलेल्या उदाहरणांची यादी पालकांना पाहण्यासाठी खुली ठेवता येते. एकच तंत्र परस्परविरोधी गटांनी कसे वापरले, हे शेजारी-शेजारी ठेवून दाखवता येते. सुरुवातीचे महिने जाहिराती, आरोग्याचे दावे आणि जुन्या काळातील प्रचारपत्रके यांवर सराव करून, चालू राजकारणाला हात नंतर घालता येतो. आणि चालू राजकारणाची वेळ येईल तेव्हा शिक्षकाने स्वतःला पटलेली, आपल्या बाजूची एखादी व्हायरल पोस्ट फळ्यावर लावून तिचीच तपासणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.